चार सेकंदांचं गाव

वरपेडला चार सेकंद मिळायचे.

तळवाकला एक, कातळीला अडीच आणि घाटाखालच्या बाजारपेठेला चांगले नऊ. हे आकडे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हिरव्या रंगात लिहिलेले होते. भूकंपाचा भोंगा वाजल्यापासून खरा हादरा गावात पोचेपर्यंतचा तो वेळ होता.

कोयनेच्या खोऱ्याला भूकंप नवे नव्हते. सदुसष्ट सालच्या डिसेंबरातल्या भूकंपाच्या गोष्टी घराघरात सांगितल्या जायच्या. नवीन होतं ते जमिनीखालचं जाळं. सहा वर्षांपूर्वी सरकारनं खडकात दोन-दोन किलोमीटर खोल भोकं पाडून त्यांत उपकरणं सोडली होती. भूकंप झाला की खडकातून दोन लहरी निघतात. पहिली वेगानं धावते, पण फारसं नुकसान करत नाही. दुसरी सावकाश येते आणि भिंती पाडते. उपकरणं पहिलीला पकडायची आणि दुसरी पोचायच्या आत गावोगावचे भोंगे वाजवायची.

नववीच्या वर्गाला गणित शिकवणाऱ्या वैजयंता पानस्कर यांना रेषीय समीकरणासाठी याहून चांगलं उदाहरण सापडलं नसतं.

"दुसरी लहर सेकंदाला साडेतीन किलोमीटर जाते," त्यांनी फळ्यावर लिहिलं. "जमिनीखालच्या ज्या भेगेत भूकंप होतात तिच्यापासून आपण एकवीस किलोमीटरवर. म्हणजे ती आपल्याकडे यायला किती वेळ?"

"सहा सेकंद, बाई."

"मग आपल्याला चारच का मिळतात?"

खिडकीजवळून पूर्वाचा आवाज आला. "दोन सेकंद यंत्राचे जातात, बाई. एक सेकंद लहर उपकरणापर्यंत यायला आणि एक यंत्राची खात्री पटायला."

"बरोबर. आता आलेख काढा. आडवं अंतर, उभा वेळ."

मुलांनी रेषा काढल्या. रेषा शून्याच्याही खालून सुरू होत होती. सात किलोमीटरच्या आतल्या गावांना शून्याखालचे सेकंद येत होते, म्हणजे तिथे भोंगा हादऱ्यानंतर वाजणार. वैजयंताबाई म्हणाल्या, "रेषेचा चढ खडकाच्या हातात आहे. तो कुणाला बदलता येत नाही. पण रेषा कुठून सुरू होते ते माणसाच्या हातात आहे. उद्या लहर पकडून खात्री करायला यंत्राला दोनाऐवजी एकच सेकंद लागला, तर अख्खी रेषा वर सरकेल."

खोऱ्यात त्या रेषेनं बरंच काही सरकवलं होतं. मुलीसाठी स्थळ आलं की लोक आधी विचारायचे, "गाव कितीचं?" तळवाकच्या पोरांची लग्नं अडायला लागली होती. वरपेडवाले "आम्ही चारचे" असं जरा ताठ मानेनं सांगायचे. भूकंप मात्र सहा वर्षांत एकही मोठा झाला नव्हता. भोंगा वाजायचा तो फक्त सरावाचा.

त्या वर्षीच्या जूनमध्ये नववीच्या सरावात एक गोष्ट उघड झाली. शाळेच्या बाकीच्या खोल्या नव्या, भूकंप सोसणाऱ्या होत्या. नववीची खोली मंजुरीत अडकली होती. ती अजून जुन्या इमारतीत, जाड दगडी भिंतींत आणि मंगलोरी कौलांखाली भरायची. तिला दार एकच. वैजयंताबाईंनी घड्याळ लावून बघितलं. भोंगा ऐकून उठायला एक सेकंद जायचा. मग दारातून सेकंदाला दोन मुलं बाहेर पडायची. चार सेकंदांत सहा. वर्गात होती चोवीस.

दाराजवळचे तीन बाक बाहेर पळतील आणि उरलेली अठरा मुलं बाकाखाली शिरतील असं ठरवावं लागलं. दोन दिवसांत ही बातमी गावभर झाली आणि पालकांची रांग लागली. कुणाच्या मुलाला दमा होता, कुणाची मुलगी एकुलती एक होती. शाळा समितीचे अध्यक्ष विश्वास सुपनेकर यांनी तर आल्या आल्या मुलाचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "पहिला बाक. बाकी तुमचं तुम्ही बघा."

वैजयंताबाईंनी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकल्या. सुपनेकरांच्या मुलाला चौथा बाक आला. पूर्वाला पहिला आला. आणि शाल्मलीला, वैजयंताबाईंच्या स्वतःच्या मुलीला, सगळ्यात शेवटचा, मागच्या दगडी भिंतीला टेकलेला.

शाल्मलीचे वडील अविनाश कराडला ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजात होते आणि रविवारी घरी यायचे. जेवताना त्यांना हे कळलं तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला.

"त्या शाळेत तू बाई आहेस ना?"

"म्हणूनच चिठ्ठ्या टाकल्या."

"बरं केलंस. गावाला न्याय झाला." त्यांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "आणि पोरगी भिंतीखाली."

शाल्मली मान खाली घालून जेवत होती. तिनं काही मागितलं नाही. मागितलं असतं तर कदाचित वैजयंताला नाही म्हणता आलं असतं.

सोमवारी वर्गात गेल्यावर त्या म्हणाल्या, "शाल्मलीला मागून फळा दिसत नाही. पूर्वा, तू तिची जागा घेशील का?"

पूर्वाच्या डाव्या पायात जन्मापासून जोर नव्हता. ती कुबडी घेऊन चालायची. तिनं दप्तर आवरलं, कुबडी काखेत घेतली आणि मागच्या भिंतीपर्यंत गेली. तिला पोचायला बराच वेळ लागला. शाल्मलीच्या डोळ्यांना काही झालेलं नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

पूर्वाची आई सुलोचना शाळेत पोषण आहार शिजवायची. रोज मधल्या सुट्टीत ती वैजयंताबाईंसाठी चहा करायची आणि दोघी शेडाच्या खांबाला टेकून तो प्यायच्या. त्या दिवशी चहा आला, पण पेला ठेवून सुलोचना तांदूळ निवडायला निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी चहा आला नाही.

आठवड्याभरानं पूर्वा वही घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली.

"बाई, मी काढून बघितलं. तुम्ही केलं ते बरोबरच आहे."

"काय काढून बघितलंस?"

तिनं वही उघडली. दोन रेषा होत्या, एक निळी आणि एक तांबडी. "मला दारातून जायला दोन सेकंद लागतात. मी पुढे असले की मागचे अडतात. मी पहिल्या बाकावर असेन तर माझ्यासकट तिघंच बाहेर पडतात. नसेन तर सहा पडतात." तिनं तांबड्या रेषेवर बोट ठेवलं. "मला आधी वाईट वाटलं होतं. मग कळलं तुम्ही असं का केलंत ते."

वैजयंताबाईंनी वही हातात घेतली. गणितात एकही चूक नव्हती. हे गणित त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. त्यांनी जागा बदलली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे रविवारच्या ताटावरचं शाल्मलीचं खाली घातलेलं डोकं होतं.

"पूर्वा, मी याच्यासाठी केलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

पूर्वानं वही परत घेऊन मिटली. "पण उत्तर तेच येतंय ना, बाई," ती म्हणाली आणि गेली.

त्या दुपारी वैजयंताबाई स्वतःच शेडात गेल्या. सुलोचना मोठं पातेलं घासत होती. पोषण आहाराचं शेड म्हणजे लोखंडी नळ्यांचे खांब आणि वर पत्रा, चारी बाजू उघड्या.

"सुलोचनाबाई, मी चुकले. शाल्मलीला फळा चांगला दिसतो."

"म्हाइत हाय मला." सुलोचनानं पातेल्यावर पाणी ओतलं. "तुमच्या जागी मी असते तर मीबी त्येच केलं असतं. म्हनून तर बोलायला आले न्हाई. बोलायला तोंडच न्हाई ऱ्हायलं."

"उद्या पूर्वाला परत पुढे बसवते."

"आन् मग सुपनेकराचं पोरगं, आन् मग त्या लोहाराची पोर. किती येळा उठवनार हाय पोरास्नी?" तिनं हात पदराला पुसले. "बाई, एक इचारू? हसू नका."

"विचारा."

"ते दगडी खोलीतनं पळायचं म्हनून येवढं समदं. मग हितंच का शिकवत न्हाई? ह्या पत्र्यानं कुनाचं डोकं फुटतंय? हितनं पळायलाच नको."

वैजयंताबाई खांबाला हात लावून उभ्या राहिल्या. महिनाभर त्या वेग मोजत होत्या, सेकंद मोजत होत्या, दारातून किती मुलं जातात ते मोजत होत्या. मुलांना पळावं लागणारं अंतर बदलता येतं हे त्यांना सुचलं नव्हतं. अंतर शून्य केलं की वेग कितीही असो, उत्तर शून्यच येतं. सुलोचनाला ते समीकरण ठाऊक नव्हतं. तिला शेड ठाऊक होतं.

मुख्याध्यापक शेलार सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती आणि ती त्यांना शांततेत काढायची होती. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"इमारत असताना शेडात वर्ग? तपासणीला आले तर काय सांगू?"

"वरून परवानगी घेऊ या ना सर."

"विचारलं तर नाही म्हणतील. त्यापेक्षा न विचारता करा. मग कुणी विचारलंच तर तेव्हा बघू." त्यांनी चष्मा लावला. "फोडणीच्या वेळेला गणित ठेवू नका. पोरं खोकतात."

पाऊस ओसरल्यावर नववी शेडात भरू लागली. फळा खांबाला बांधला. वारा आला की खडूची पूड सगळ्यांच्या तोंडावर उडायची. भाताचा वास सुटला की इतिहासातल्या लढाया कुणालाच आठवायच्या नाहीत. सुपनेकर एकदा येऊन बघून गेले. "पोरांना गोठ्यात बसवता?" असं म्हणाले आणि मुलाचं नाव काढून त्याला घाटाखालच्या, नऊ सेकंदांच्या शाळेत घातलं. आणखी दोन मुलं त्याच्या मागं गेली. वर्गात एकवीस उरली. सुलोचना पुन्हा चहा देऊ लागली. पूर्वीसारखी खळखळून बोलत मात्र नव्हती.

वैजयंताबाईंनी स्वतःला एक वेगळीच शिक्षा लावून घेतली होती. वर्गातलं कुठलंही काम निघालं की ते शाल्मलीच्या वाट्याला यायचं. घागर भरायची, फळा पुसायचा, जुन्या खोलीतल्या कपाटातून वस्तू आणायच्या. वशिल्याचा डाग जावा म्हणून त्या मुलीला राबवत होत्या. शाल्मली शाळेत त्यांना इतरांसारखी "बाई" म्हणायची. हल्ली घरीसुद्धा तिचं बोलणं कमी झालं होतं.

जानेवारीत एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आलेखाचा तास होता. कागद संपले.

"शाल्मली, कपाटातून आलेखकागदांचा गठ्ठा घेऊन ये."

ती उठून गेली. जुनी खोली शेडापासून पंधरा पावलांवर होती. तिचं दार उघडं होतं आणि कपाट आत, मागच्या भिंतीला. वैजयंताबाई फळ्याकडे वळल्या आणि भोंगा वाजला.

सरावाच्या दिवशी आधी सूचना यायची. आज कुणी काही सांगितलं नव्हतं.

त्यांचा उजवा पाय आपोआप उचलला गेला. त्याच क्षणी वीस जोड्या डोळे त्यांच्याकडे वळले आणि त्यांना दिसलं की मुलं अर्धवट उठली आहेत. बाई जिकडे जातील तिकडे ती धावणार होती. बाई त्या दगडी भिंतीकडे धावल्या तर सगळा वर्ग त्या भिंतीखाली जाणार होता. आणि बाई दारात पोचायची वेळ म्हणजे नेमकी शाल्मली बाहेर पडण्याची. दोघी उंबऱ्यात एकमेकींना अडवणार.

त्यांनी पाय खाली ठेवला. दोन्ही हात वर केले. "बसा! कोणी उठायचं नाही!"

मुलं बसली. खाली बसलेल्या पूर्वानं त्यांच्या साडीचा काठ घट्ट धरला होता. "पोचते, बाई," ती पुटपुटत होती. "आठ मीटर. पोचते ती, पोचते."

एक सेकंद कळायला. दोन सेकंद धावायला. एवढंच. वैजयंताबाई आयुष्यभर मुलांना सांगत आल्या होत्या की रेषेवर विश्वास ठेवा, ती खोटं बोलत नाही. आत्ता त्या काळ्या दाराकडे बघताना त्यांचा कशावरच विश्वास नव्हता.

दारात शाल्मली दिसली. छातीशी कागदांचा गठ्ठा होता. उंबऱ्यावर येऊन ती थांबली आणि आईकडे बघू लागली.

"पुढे ये! पळ!"

ती पळाली. चार-पाच पावलं आली असेल, तेवढ्यात जमिनीखालून जड गाडी गेल्यासारखा आवाज आला आणि मैदान आडवं हललं. शेडाचे खांब करकरले, पत्रा खडखडला, फळा दोरीवर झोके घेऊ लागला. सुलोचनानं केव्हाच गॅस बंद केला होता आणि ती तापलेल्या पातेल्यापुढे हात पसरून उभी होती. शाल्मली मैदानाच्या मधोमध पडली आणि पडूनच राहिली. तिच्यामागं कौलं एकामागून एक सुटली. मग जुन्या खोलीची दर्शनी भिंत आत कोसळली. सगळीकडे धूळ झाली.

हादरा अकरा सेकंद चालला असं नंतर कळलं. भूकंप बावीस किलोमीटरवर झाला होता आणि वरपेडला चार सेकंदांहून जरासा अधिक वेळ मिळाला होता. गावात कुणी दगावलं नाही. तळवाकात दोन माणसं गेली. तिथला भोंगाही वेळेवर वाजला होता. एका सेकंदात करण्यासारखं काही नव्हतं.

धूळ बसल्यावर शेलार सर खोलीपाशी येऊन उभे राहिले. आत कुठले बाक पुढचे आणि कुठले मागचे ते ओळखू येत नव्हतं. सरांनी टोपी काढून हातात घेतली आणि कितीतरी वेळ परत घातलीच नाही. सुलोचनानं पूर्वाला मिठीत घेतलं, मग सोडलं. शाल्मलीच्या खरचटलेल्या गुडघ्यांवर तिनं हळद लावली, आणि वैजयंताबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

शाल्मली दोन दिवस आईशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी दोघी घरातला पडलेला गिलावा काढत होत्या. अविनाश छपरावर कौलं सरळ करत होते. वैजयंता खराट्यानं ढीग करत होती आणि शाल्मली घमेल्यात भरत होती.

"आई, तू जागची हलली नाहीस."

वैजयंताचा हात थांबला. "मी हलले असते तर सगळी पोरं—"

"माहीत आहे. पूर्वानं सांगितलं मला. दारात आपण दोघी अडकलो असतो तेही सांगितलं." शाल्मलीनं गिलाव्याचा एक मोठा तुकडा उचलून घमेल्यात टाकला. "मला ते नको आहे. मी भोंगा ऐकला तेव्हा मला वाटलं, आई येईल. दारात आले तर तू हात वर करून उभी. दुसऱ्यांच्या पोरांकडे तोंड करून."

"मी दाराकडे बघत होते."

"मला तसं दिसलं नाही."

छपरावर अविनाशांच्या हातातलं कौल खाली ठेवल्याचा आवाज झाला, मग तोही थांबला. ते ऐकत असावेत.

"मी दारात दिसले नसते तर?" शाल्मलीनं विचारलं. "तीन सेकंदांपर्यंत दिसले नसते तर तू काय केलं असतंस?"

काहीतरी धीराचं सांगता आलं असतं. वैजयंतानं तसं केलं नाही.

"निघाले असते."

"तीननंतर? तू दारात पोचेपर्यंत तर भिंतच..." ती मध्येच थांबली. हा हिशोब तिला आईनंच शिकवला होता. "काय उपयोग झाला असता?"

"काहीच नाही," वैजयंता म्हणाली. "पोरंही मागे आली असती. सगळंच चुकलं असतं. तरी निघाले असते."

शाल्मलीनं डोळे पुसले. हात गिलाव्यानं माखलेले होते, त्यामुळे गालावर पांढरा पट्टा उमटला.

"भरलं," ती घमेल्याकडे बघून म्हणाली. "जड आहे. तू त्या बाजूनं धर."

दोघींनी ते उचललं आणि अंगणात नेऊन ओतलं.